अकरा मिनिटं

उंड्रीतल्या आमच्या सोसायटीची बोअर
तीनशे ऐंशी फूट. झाकण म्हणून एक फुटकी फरशी.
सकाळी हडपसरहून तौफिक आत्तार कॅमेरा घेऊन आला,
स्कूटरवर पुढ्यात केबलचं रीळ,
शाळेला सोडायच्या पोरासारखं उभं.

दोनशे बारा फुटांवर अडकला.

सेक्रेटरी फडतरे म्हणाले, सगळे मिळून ओढू.
चौघांनी बाह्या सारल्यासुद्धा.
मी म्हणालो, हात लावू नका.
इतक्या मोठ्यानं, की पार्किंगमधला कुत्रा उठून बसला.

एकतीस वर्षं हेच केलं.
तेलाच्या विहिरीत तार सोडायची,
तारेच्या टोकाला यंत्र, यंत्रानं खडकाला विचारायचं:
तुझ्यात काय आहे, किती आहे, देशील का.
खडक खोटं बोलत नाही.
फक्त कधीकधी पाहुण्याला जाऊ देत नाही.

लोक म्हणतात, टेन्शन घेऊ नका.
आम्हाला पगारच टेन्शन बघायचा होता.
डायलवरचा काटा: उतरताना इतका, चढताना इतका,
दर पाचशे मीटरला वहीत, पेन्सिलीनं.
दोन्हींतला फरक वाढायला लागला
की समजायचं, खाली कुणीतरी पदर धरलाय.

टोकाशी मुद्दाम एक कच्चा सांधा ठेवतात. वीक पॉइंट.
ओढ हद्दीबाहेर गेली की तिथंच तुटतं,
यंत्र खाली राहतं, तार अख्खी घरी येते.
बायकोला हे फार पटलं होतं.
म्हणाली, आमच्या माहेरच्यांत हा भाग बसवायचा राहिला.

तौफिक, बोटं केबलवर ठेव. ओढू नकोस. नुसता अंदाज घे.
पडद्यावर गढूळ उजेड,
जुन्या मोटारीची हिरवी दोरी
कॅमेऱ्याच्या मानेभोवती.

खाली सोड.
खाली? काढायचाय ना, काका?
दोन फूट खाली. आता रीळ जरा फिरव. आता वर.
सावकाश. आणि थांबू नकोस.

आला. दोनशे दहा. दोनशे.
त्याचे हात चालू होते, म्हणून असेल, सांगून टाकलं
जे कुणालाच सांगितलं नव्हतं:

शिवसागरच्या पुढची एक विहीर, ब्याण्णवचा जानेवारी.
दाब मोजायला तार थांबवलेली.
चार मिनिटं, असं कागदावर. खाली माझी सही.
तेवढ्यात बिस्वास चहा घेऊन आला,
आलं घातलेला, आणि थंडी तर अशी
की कप धरला तो सोडवेना.
अकरा मिनिटं झाली.
वाळूचा थर तहानलेला. चिखलातलं पाणी पिऊन टाकलं त्यानं
आणि भिंतीला जाड साय धरली.
सायीत रुतली तार, करंगळीहून बारीक,
मागून अख्ख्या चिखलाचा भार तिच्या पाठीवर.

नऊ दिवस लागले काढायला.
अहवालात लिहिलं: भूस्तरीय कारणे.
चहा लिहिला नाही.

त्यानंतर विहीर धुऊन घोटल्याशिवाय उतरलो नाही,
चिखलाचं वजन विचारल्याशिवाय नाही,
थांबायचं तर हातात घड्याळ,
आणि तार वर येईपर्यंत कुणाच्याही तोंडाला कप नाही.
पोरं मागून मला चहाबंदी म्हणायची.
मी ऐकलं नाही असं दाखवायचो.
निवृत्तीला सहा वर्षं झाली.
बाल्कनीत खुर्ची आहे, चांगली आहे,
पण अर्ध्या तासावर बसलो
की पाठीमागे काहीतरी धरतंय असं वाटतं. उठतो.

फडतरे म्हणाले, पाणी दिसलं का?
अजून तिथवर गेलोच कुठे, तौफिक म्हणाला.

चाळीस फूट राहिले होते
तेव्हा फडतरे वहिनींनी चहा पाठवला,
स्टीलच्या ट्रेमध्ये पाच कप, वर बिस्किटं.
सगळ्यांनी उचलले.
तौफिकनं माझ्याकडे पाहिलं
आणि रीळ फिरवत राहिला.