साडेचारचा आवाज

खालच्या मजल्यावरच्या कुवाबारांनी
इमारतीच्या तक्रारवहीत लिहिलं, नाव न घेता,
की वर कुणीतरी रोज पहाटे साडेचारला
लाकडावर लाकूड आपटतं.
वर मी एकटीच राहते.

मग मी त्यांना चहाला बोलावलं.
माफी मागायला नव्हे. बोलावलं, एवढंच.
चिठ्ठी ब्रशने लिहिली, तीनदा फाडली,
चौथी जरा वाकडी झाली, तशीच दाराखालून सरकवली.

मात्सुएत नोव्हेंबर म्हणजे तळ्यावरून येणारं धुकं,
आणि जमिनीतली चूल उघडायचा महिना.
माझ्याकडे जमीन नाही, काँक्रीट आहे,
कोळशाला बंदी आहे;
म्हणून विजेची शेगडी, आणि तिची वायर
चटईच्या काठाखालून नेलेली,
घरातला कर्जबाजारी भाऊ असावा तशी:
सगळ्यांना ठाऊक, बोलत कुणी नाही.
फुलदाणीत पांढरी कॅमेलिया, एकच, अजून मिटलेली,
पार्किंगच्या कुंपणावरची.
विचारून तोडली नव्हती.

ते आले. गुडघे वाकेनात.
मी बुटकं स्टूल पुढे केलं, नको म्हणाले,
दोन मिनिटांनी स्वतःच ओढून घेतलं.
डाव्या मोज्याला भोक. अंगठा आत ओढून बसले,
कासवाने मान आत घ्यावी तसा.
मी बघितलं नाही.
न बघणंही शिकावं लागतं,
मला त्याला बारा वर्षं लागली.

ओकी बेटांच्या बोटीच्या तिकीटखिडकीवर
एकतीस वर्षं होतो, म्हणाले.
चेस्टनटची वडी अर्धी खाल्ली,
अर्धी कागदात गुंडाळून खिशात.
कुणासाठी, ते मी विचारलं नाही.

आता हात.
हे सांगायचं टाळत होते.
दोन वर्षं झाली, उजवा हात माझं ऐकत नाही.
सही करताना थरथरतो, नळ बंद करताना थरथरतो.
डॉक्टरांनी नाव सांगितलं, मी जिन्यातच विसरले,
हात मात्र विसरला नाही.
बांबूच्या चमच्याने हिरवी पूड वाडग्यात सोडायची
आणि चमचा काठावर टेकवायचा. एकदाच.
माझा पाचदा टेकतो, सातदा टेकतो.
म्हणून पहाटे सराव, स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर,
लाकडी वाडग्यात, कारण मातीचे दोन फुटले.
शंभर वेळा,
एकदाच वाजावा म्हणून.

आज सहादा वाजला.
टक टक टक, टक, टक टक.
कुवाबारांचं डोकं वर आलं.
माझ्या हाताकडे पाहिलं, मग वाडग्याकडे,
मग जमिनीकडे, जिच्या पलीकडे त्यांचं छत.
खूप वेळ तिथेच पाहत राहिले.

मी पाणी ओतलं. बांबूची रवी उचलली.
आणि इथे, फक्त इथे,
हात माझ्यापेक्षा हुशार निघाला.
चाळीस वर्षं मनगटाला शिकवूनही
असा बारीक फेस आला नव्हता:
एकही बुडबुडा नाही, काठापर्यंत साय.
आजाराला अखेर काम मिळालं होतं.

वाडगा फिरवून पुढ्यात ठेवला.
ते चुकीच्या बाजूने प्यायले, तळापर्यंत,
शेवटचा घोट मोठ्याने ओढत.
तेवढं बरोबर होतं.

निघताना, दारात, बुटात पाय घालत म्हणाले,
"वेळ मी चुकीची लिहिली. चार पस्तीसला सुरू होतं."
आधी पाच मिनिटं पाय शेकते, मी म्हटलं.
"हं," म्हणाले,
आणि भिंतीला धरून एकेक पायरी उतरले.

दोन दिवसांनी वही पाहिली.
तक्रार खोडलेली नव्हती.
खाली त्याच अक्षरात, तिकिटावर लिहावं तसं, आखूड:
'वेळ ४.३५. तक्रार नाही, नोंद आहे.'

आज पहाटे आठदा वाजला.
फळ्या गार होत्या.
मी पूड पुन्हा डबीत भरली आणि
पुन्हा चमचा उचलला.