सुताची खूण

खड्डा माग होता, तिथं आता अळू आहे.
वडगावच्या आमच्या गल्लीत
ज्या साली नाल्याचं पाणी उंबरा चढलं
त्या साली शेडची मागची भिंत बसली.
पत्रे विकले, लोखंड विकलं,
खड्डा कोण विकत घेणार?
पाय सोडून बसायचो त्यात,
मी, माझा बाप, बापाचा बाप,
कडा बसून बसून गुळगुळीत झालेल्या.

कल्लव्वा म्हणाली, शेण घाल त्यात.
म्हटलं, चेष्टा करूलालीस काय?
ती शेणाची बुट्टी घेऊनच आली होती.

तुटलेला धागा माझी बोटं अंधारातही शोधतात,
पण शेपू कुठला आणि गवत कुठलं
हे कळायला दोन हंगाम गेले.
पहिल्या खेपेला मी शेपू उपटला
आणि गवताला मन लावून पाणी घातलं.
गल्ली अजून सांगते.

अकरा घरं. चार गच्च्या. एक पडकी शेड.
आणि गणपतीच्या मंडपाची जागा,
गणपतीचे दिवस सोडून.
रंगाच्या पिंपात काही लावायचं नाही,
हा दिलशादबीचा नियम.
तिचा नवरा तीस वर्षं रंगखात्यात होता,
त्याचा खोकला तिला पाठ आहे.

पाटी लावायची ठरली तेव्हा भांडण झालं.
शेपू लिहायचं की सब्बसगी,
अंबाडी की पुंडी,
वरची ओळ कुणाची, अक्षर केवढं.
पाटीवरून काय काय होतं
ते आमच्या गावाला कुणी शिकवायला नको.
दुपार टळली. कोथिंबीर माना टाकून ऐकत होती.
शेवटी तारिहाळकर मास्तरांनी ती फळी उचलली
आणि वाफ्याच्या कडेला आडवी ठोकली,
तिथं माती वाहून जात होती.

मग जुड्या बांधल्या उरल्यासुरल्या सुतानं,
ज्याच्या घरात जो रंग शिल्लक.
दिलशादबीचा मोरपंखी.
मास्तरांचा आमसुली, मेहुण्याकडून मागून आणलेला.
कल्लव्वाचा हळदी.
माझा काळा, कारण काठाचा काळाच उरला होता.
दिलशादबीची नात सायकलवरून कॅम्पापर्यंत जाते,
उरलेल्या जुड्या अंधार पडायच्या आत परत आणते,
रंग मोजायचे, वजा करायचे,
झाला हिशेब.
खूप नाही सुटत. गॅसची टाकी सुटते,
नातीची फी अर्धी सुटते,
आणि रोज संध्याकाळी अकरा घरांत
कुणाची तरी भाजी शिजते
जी आपण विकत घेतलेली नसते.

खासबागेतल्या बायका आता रंगच मागतात.
हळदी असला तर दे, नसला तर राहू दे.
कारण कल्लव्वा मुळं दोनदा धुते
आणि पिवळं पान आत लपवत नाही.

चैत्रात ती न्हाणीत घसरली.
खुबा मोडला. मुलीनं गोकाकला नेलं.
जाताना काही बोलली नाही,
कांडी तेवढी माझ्या खिडकीत ठेवून गेली.
तिचा वाफा कुणी पेरला नाही,
पण चाकवताला कोण सांगणार?
जुनं बी पडलेलं, ते वर आलं.
त्या सकाळी जुड्या बांधताना
कुणीतरी हळदी सूत घेतलं.
मीच असेन. की मास्तर.
कुणी कुणाला विचारलं नाही.

महिन्याचे पैसे फोनवरून गेले,
आणि लगेच फोन आला, आधी कानडीतून, मग माझ्यासाठी मराठीतून:
मी हितं पडून, आणि माझ्या नावानं विकूलालास?
लाज नाही?
मी गप्प.
पलीकडं गोकाकचा पंखा ऐकू येत होता.
मग म्हणाली,
दोनदा धुऊलालास न्हवं?

कांडी आता करंगळीएवढी बारीक झालीय.
काल शहापुरात सुताच्या दुकानी गेलो,
चार वर्षांनी.
दुकानदारानं ओळखलं. गादीवरून उठला.
म्हणाला, परत माग लावूलालास काय?
म्हटलं, हळदी दाखव.
हा नको, जरा गडद.
अर्धा किलो दे.