दीड हात वायर

नवी पेठेतल्या मकबूलनं वायर दिली ती दीड हाताची.
"यापेक्षा लांब येत नाही बे," म्हणाला,
"आणि कुणाचा फोन आला की नेट तुटणार. आधीच सांगतो."

विडी घरकुलात, आमच्या पत्र्याखाली
रेंज येते ती एकाच जागी:
खिडकीच्या गजाशी, डावीकडून तिसऱ्या.
अक्कानं फोन तिथं रबरानं बांधला
आणि कॉम्प्युटरच उचलून खिडकीशी आणला.
पाण्याच्या पिंपावर फळी, फळीवर मॉनिटर,
अम्माचं विड्यांचं सूप जरा पलीकडं.
तंबाखूची धूळ की-बोर्डात आधीपासूनच आहे;
एंटर दाबला की अक्काला शिंक येते.

नंबर लावायचा: स्टार, नव्व्याण्णव, हॅश.
तिकडं माणूस उचलत नाही.
कोपऱ्यात दोन चिमुकले पडदे
एकमेकांकडं बघत लुकलुकतात, बस्स.

टॉवेलचं डिझाइन होतं. मोर नव्हे, मोर सगळेच काढतात;
मी काढली होती कडक भाकऱ्यांची चळत
काठाकाठानं, करपलेल्या ठिपक्यांसकट.
येमूलशेठ करूरला गेलेले. म्हणाले होते,
"बारापर्यंत पाठव, नाहीतर मोरच विणू."

एक टक्का. चहा झाला. चार टक्के.
अम्माचे दोन कट्टे बांधून झाले. एकोणीस.
शेजारच्या लूमची पाळी बदलली,
खटखट थांबली, पुन्हा लागली. चाळीस.
कुणी बोलत नव्हतं,
आवाजानं फाइल बिचकेल म्हणून.

ब्याण्णववर गज थरथरला.
भिवंडीचा नंबर. नाना.
आठवड्यातून एकदा, पाळी सुटल्यावर, दुसऱ्याच्या फोनवरून.
अम्मा माझ्याकडं बघत नव्हती.
कात्रीनं पान कापत होती,
कापलेलंच पान.

मी हिरवं बटण दाबलं.
दोन्ही पडदे विझले.
रबराची गाठ सुटेना, तर अम्मा
स्टुलावर चढून, गाल गजाला लावून बोलली,
तेलुगूत, भरभर, तिकडचा बॅलन्स संपायच्या आत:
पाणी चार दिवसांनी येतं, हो, अक्काचा चष्मा झाला, हो, जेवलो.
मग पोरगं काय करतंय, असं विचारलं असणार.
अम्मानं माझ्याकडं पाहिलं, मॉनिटरकडं पाहिलं.
"तुमच्या फोनची वाट बघत बसलंय," म्हणाली.

अकरा वाजून दहा.
स्टार, नव्व्याण्णव, हॅश.
एक टक्का.