निशाणी डाव्या हाताचा अंगठा

कोर्टाच्या आवारात, झेरॉक्सच्या टपरीला टेकून
एकवीस वर्षं माझं मशीन आहे.
मोटार अपघात, वारस दाखला, नाव बदल,
सगळ्यांच्या तळाशी एकच ओळ,
न बघता हात टाकतो:
निशाणी डाव्या हाताचा अंगठा.

अंबूबाई येमूल, वय सत्तेचाळीस, धंदा विडीकाम,
राहणार घरकुल, कुंभारी.
बिराजदार वकील उभ्यानंच सांगत होते, मी बडवत होतो.
की, सदर दिवशी अर्जदार ही रिक्षाने ब्रँचला
विड्या देण्यास जाऊन खाली उतरत असता,
अक्कलकोट रोडवर,
टेम्पो क्रमांक अमुक हा भरधाव व हयगयीने...
"भरधाव न्हवता वो सार," बाई मधेच बोलली,
"रिव्हर्स येत हुता. हळूच आला.
हळूच घेतला हात."
वकील थांबले. मला म्हणाले,
भरधाव खोड. हयगय ठेव.

मग उत्पन्न.
"रोजच्या किती?"
"हज्जार. सणासुदीला आठशे."
"पुरावा?"
पिशवीतून तिनं कारखान्याचं कार्ड काढलं.
सासूच्या नावाचं.
सासू जाऊन नऊ वर्षं झाली होती,
आणि हप्त्याच्या हप्त्याला विड्या वळत होती.
वकिलांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.
"विमावाले म्हणतील, बाई गृहिणी.
म्हणतील, मयताची कमाई जखमीला कशी लागू?"

सिव्हिलच्या दाखल्यावर तीस टक्के.
"हाताचे तीस," वकील म्हणाले, "बाईचे नव्हेत.
डाव्या अंगठ्याखाली दाबल्याशिवाय पान वळतंय का?
मग विडीच्या हिशेबानं हे शंभर.
तेच मांडू. वय सत्तेचाळीस, गुणक तेरा."
बाई एकेक बोट दुमडत मोजू लागली.
नवावर थांबली.
"तेरा म्हंजे वर्सं?"
"वर्षंच समजा. तेरा वर्षांचं एकदम."
"आन् चौदाव्याला?"
वकिलांनी घड्याळ बघितलं.

मग माझ्याकडं वळून,
"तुमी किती बोटांनी मारता वो?"
"दोन."
"मंग बाकीच्या आठांचं किती धरतील?"
झेरॉक्सवाला हसला, मी पण हसलो.
ती हसली नाही.
ती खरंच विचारत होती.

तळाशी आलो. सवयीनं उमटलं: निशाणी डाव्या
आणि मशीन थांबलं.
मी थांबलो, असं म्हणायला पाहिजे.
तिनं तो हात पदराखाली घेतला होता,
जशी काही चूक तिचीच.
एक्स मारत मागं गेलो.
वरच्या फटीत बसवलं: उजव्या.

शाईचा पॅड पुढं केला.
उमटला नुसता निळा ठिपका.
रेघ नाही, भोवरा नाही,
पुसलेल्या पाटीसारखा.
दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तेच.
"बारा-तेराव्या वर्सापास्नं पान वळतंय," ती म्हणाली,
"रेघा पानानी खाल्ल्या की वो."
वकिलांनी कागद उजेडात धरला.
बराच वेळ धरला.
"हाच राहू दे," म्हणाले. "कोरा नको घेऊ."

तारीख पडली सव्वीसची.
पॅडची शाई डोक्याला पुसून
ती घरकुलची बस बघायला गेली.

संध्याकाळी एक नाव बदल आला, साधाच.
टाकत होतो आणि कान तिकडं गेला.
शब्द संपला की खट्.
शब्द संपला की खट्.
दोन बोटं, म्हणालो होतो तिला.
दरवेळी डावा अंगठा खाली येतो, लांब पट्टीवर,
आणि दोन शब्दांत जागा सोडतो.
एवढ्या वर्षांत
तो मी मोजलाच नव्हता.