हजेरी

पाळकांनी व्हॅनची किल्ली टेबलावर ठेवली,
तिच्यावर हजेरीची वही.
"नऊ पोरं आहेत, अठरा ते तेवीस वयाची.
तुम्हाला रस्ता ठाऊक आहे."

रस्ता ठाऊक होता
म्हणून तर अकरा वर्षं गेले नव्हते.
शुक्रवारची ड्यूटी मागून घेत राहिले वॉर्डात,
गुडघ्याचं निमित्त केलं, मग आईच्या आजारपणाचं,
मग कुणी विचारीनासंच झालं.

शारजात, चर्चच्या कुंपणाच्या आत
पोरांना ओळीत उभं करून सांगितलं :
पत्रकं इथेच ठेवा.
गळ्यातला क्रूस सदऱ्याच्या आत.
तिथे कुणाला ऐकवायला देवाचं नाव घ्यायचं नाही.
तांदूळ उतरवायचे, खोबरेल द्यायचं,
नखं कापायची, जखम असेल तर मला हाक मारायची.
अनमोल उजगरेनं शाळेतल्यासारखा हात वर केला :
"मग हे मिशन कसं, ताई?"
मी वाकून टायरातली हवा बघू लागले.

सजाच्या वाटेवर सिमेंटचे ट्रक.
वाळू डांबरावरून सरकत होती,
कुणी पदर ओढत चालल्यासारखी.
मागे हॅना मिस्किटा आईशी फोनवर भांडत होती
वसईच्या बोलीत,
आणि तिमथी भिंगारदिवे नवी कात्री
नुसत्या हवेत चालवून बघत होता.

तीन नंबरचा ब्लॉक. रंग नवा,
वास तोच : कांदा, ओले बूट, फिनेल.

खिडकीकडचा खालचा पलंग.
इथे राजय्या असायचा, करीमनगरचा,
सुजलेले पाय बादलीत सोडून.
त्यानं विचारलं होतं, "सिस्टर,
पासपोर्ट कंपनीच्या कपाटात आहे.
तुमच्या पुस्तकात कपाटाबद्दल काही आहे का?"
मी त्याला स्तोत्र वाचून दाखवलं.
मराठीत.
त्याला मराठी येत नव्हतं.
शेवटपर्यंत ऐकत राहिला तो,
पाहुण्याचं मन राखावं तसा.

पुढच्या शुक्रवारी त्या पलंगावर दुसऱ्याचा डबा होता.
"गेला," म्हणाले.
घरी गेला, की कुठे,
ते मी विचारलं नाही.
ते न विचारणं
मी अकरा वर्षं सांभाळलं.

"ताई."
हॅना दारात. तिच्यामागे एक मुलगा,
मिसरूड नुकतं फुटलेलं, नेपाळी असावा.
"हा म्हणतो, पासपोर्ट दिलेला नाही, पाच महिने झाले.
मी काय सांगू?"

तिच्या वयात मी लगेच काहीतरी सांगितलं असतं.

मी खाली बसले, फरशीवर, गुडघ्यासकट.
वहीचं मागचं पान काढलं.
नाव लिहून घेतलं. कंपनी. गावचा नंबर.
बापाचं नाव त्यानं दोनदा सांगितलं,
मी दोनदा चुकलं,
तिसऱ्यांदा त्यानं पेन घेऊन स्वतः लिहिलं.
हॅनाला म्हटलं, रविवारी कामगार कचेरीत
आपण दोघी जायचं.
होईल का काही? ठाऊक नाही.
हेही तिला सांगितलं.

मग उठताना, आधार घेता घेता,
खिडकीकडच्या पलंगावरच्या माणसाला विचारलं.
राजय्या नाव त्यानं ऐकलं नव्हतं.
शेजारच्यानं नाही. त्याच्या शेजारच्यानंही नाही.
तिसऱ्या खोलीपर्यंत विचारत गेले.

अंधार पडला. व्हॅन सुरू केली, पोरं मोजली,
आठ.
पुन्हा मोजली. आठच.
तिमथी अजून बाहेर दिव्याखाली,
खुर्चीत एक म्हातारा, अर्धं डोकं झालेलं,
आणि रांग पाण्याच्या टाकीपर्यंत.
अनमोल म्हणाला, "ताई, आठ वाजता गेट बंद होतं."
तिमथीनं माझ्याकडे बघितलं,
कात्री तशीच वर धरून.

मी इंजिन बंद केलं.
अनमोलला म्हटलं, जा,
दुसरी कात्री पुढच्या कप्प्यात आहे.