शिल्लक चोवीस

काका गेले पौषात.
दहावा व्हायच्या आधीच फैजपूरच्या ठाण्यातून निरोप:
परवानाधारक मयत, हत्यार जमा करा.
काकूने बंदूक गोणपाटात गुंडाळली,
वरून केळीच्या सोपटाने बांधली, खताच्या पिशवीसारखी,
आणि म्हणाली, ने बाप्पा, मले घरात झोप नाही येत.

मग चार महिने कागद.
दोन्ही आत्यांची ना हरकत, शंभराच्या स्टॅम्पवर.
मोठीने सही केली, धाकटीने आधी विचारलं
किती येतील.

मी जळगावच्या पतपेढीत तारणाचं सोनं तपासते.
कसोटीवर रेघ, तेजाबाचा थेंब, मग आकडा.
आकडा ऐकताना बायका माझ्या तोंडाकडे बघत नाहीत,
काउंटरच्या काचेवरच्या ओरखड्याकडे बघतात.
आज हकीमुद्दीनशेठच्या दुकानात
मीही एक ओरखडा शोधून ठेवला.

त्यांनी बंदूक मोडली,
नळ्या ट्यूबलाइटकडे धरून एक डोळा मिटला.
डावी गंजाने खाल्लीय. उजवी बरी.
दस्ता अक्रोडाचा, पण इथे तडा, बघा, तारेने आवळलाय.
छाप बेल्जियमचा. छापाला हल्ली कोण विचारतं?
नवे परवाने निघत नाहीत, जुने म्हातारे उरले नाहीत.
सहा हजार. पट्ट्यासकट.

पट्टा नाही देणार, काकू म्हणाली,
मोटारीच्या पाइपाला बांधायला होतो.

काडतुसं मोजली. वही उघडली.
काकांचं अक्षर, बैल वळवल्यासारखं, ओळीच्या टोकाला रुंद.
खरेदी पंचवीस.
खर्ची एक. रानडुक्कर. रात्री. नेम चुकला.
शिल्लक चोवीस.

नेम चुकला.
या दोन शब्दांवर गाव तीस वर्षं जगलं.
पोळ्याला, लग्नाच्या पंगतीत, भरिताच्या हंड्याभोवती,
सुपडूआप्पा, ते डुक्कर भेटलं होतं, रामराम सांगितलाय.
काका तंबाखू मळत हसायचे.
गोफणीने चिंचेच्या शेंड्यावरचा एकच आकडा पाडणारा माणूस.

मी आठ वर्षांची होते.
ट्रंकेत धोतरांखाली पुठ्ठ्याचा डबा.
लाल नळकांडी, बुडाला पिवळी चकचकीत टोपी.
एक उचललं, मागच्या पायरीच्या दगडावर घासलं.
पिवळी रेघ उमटली.
चार दिवस मी श्रीमंत होते.
पाचव्या दिवशी निवडणुकीआधीच्या तपासणीला जमादार आला,
ओट्यावर बसून चहा प्यायला,
आणि मी मळ्याकडे पळत गेले.
विहिरीत आवाज झाला, बेडकाने उडी मारावी एवढासाच.

त्या रात्री खरंच बार झाला होता का?
मला आठवत नाही.
झाला असता तर आठवला असता.

मला कुणी काही विचारलं नाही.
फक्त पतपेढीत लागले तेव्हा
पेढा तोंडात घालत काका म्हणाले,
आता पितळ ओळखता येतं ना?
मी हसले. पेढा खाल्ला. काय बोलतात ते कळलंच नाही,
किंवा कळलं आणि पेढ्याबरोबर गिळलं.

शेठ म्हणाले, चोवीस बरोबर आहेत, इथे सही करा.
वारसाच्या रकान्यात काकूचा अंगठा,
साक्षीदाराच्या रकान्यात मी.
पेन नीट उमटेना. दोनदा गिरवलं.

सहा हजार. पट्टा वजा जाता पाच हजार आठशे.
सावद्याच्या गाडीत काकूने नोटा मोजल्या,
थुंकी लावून, पुन्हा एकदा मोजल्या,
आणि कमरेच्या बटव्यात सारल्या.
मळ्यातल्या विहिरीचा गाळ काढू यात, म्हणाली,
लय वर्षांचा साचलाय, मोटार गढूळ ओढते.

बाहेर केळीचे बाग, एकसारखे, मागे पळत होते.
मी म्हणाले, ज्या दिवशी काढशील त्या दिवशी मला कळव.
रजा टाकते.

काकूने वळून बघितलं.
तुले काय काम तिथी?