जुडगा

तीन इमारतींच्या चाव्या आज परत करायच्या आहेत.
पितळी, दात झिजलेल्या. एकीवर लाल नेलपॉलिशचा ठिपका,
तो माझ्या आधीचा.

पहिली इमारत नदीकाठची, पिवळ्या विटांची.
दारावर दगडात कोरलेली गव्हाची पेंढी,
आणि वरचे दोन मजले बांधून रिकामे ठेवलेले,
विनिपेग वाढेल म्हणून.
विनिपेग वाढलं, पण दुसऱ्याच बाजूला.
थोर्डिस आयनारसन तिथे बसायची, बेचाळीस जणींच्या रांगेत,
उंच स्टुलावर, पाय लोंबकळत.
तळघरात बॅटऱ्यांचं आम्ल. त्याची वाफ जिना चढून येई
आणि मोज्यांना भोकं पाडी.
मोज्यांचे पैसे कंपनी देत नसे.

पुराच्या साली बायका होडीतून कामावर आल्या
आणि नऊ दिवस घरी गेल्या नाहीत.
रिकामा मजला तेवढ्यापुरता उपयोगी पडला, झोपायला.
कुणीतरी पियानोचीही चौकशी केली होती म्हणे.

दुसरी इमारत त्यांच्या हातांच्या जागी आली.
कमी खिडक्या, जाड फरशी, माणसांपेक्षा धुळीची काळजी जास्त.
शनिवारची मध्यरात्र, बाहेर उणे एकतीस.
बावीस माणसं सांगाड्यांपुढे सुतळ्या धरून उभी,
सुतळ्यांना ओवलेल्या शेकडो लाकडी पाचरी.
घड्याळं जुळली. कुणीतरी म्हणालं, ओढा.
पाचरी गारांसारख्या फरशीवर पडल्या.
मग काहीच नाही.
मग टक. टकटक. टक.
शहर स्वतःच स्वतःला नंबर लावू लागलं.

आणि सहा रस्ते पलीकडे, पिवळ्या विटांत,
बेचाळीस जणींपुढचे दिवे एकदम विझले.
एक सोडून. कुठलीशी तार तोडायची राहून गेली होती.
थोर्डिसने सवयीने खुंटी लावली: नंबर सांगा.
पलीकडे कोवालचुक, मालधक्क्यावरचा रखवालदार.
त्याला नंबर नको होता. रोजच्यासारखी वेळ हवी होती.
बारा वाजून चार मिनिटं, ती म्हणाली,
आणि कानावरचं यंत्र काढून टेबलावर ठेवलं.
सोमवारपासून ती हातमोजे विकत होती.

त्या बावीस जणांत ओसिप मेल्निचुक होता, माझा बाप.
थोर्डिस पुढे माझी आई झाली.
बाप म्हणायचा, तसा आवाज पुन्हा कधी ऐकला नाही.
ती खोलीत नसताना म्हणायचा.
आणि भांडण टोकाला गेलं की ती एवढंच म्हणे:
ओढ सुतळी.

तिसरी माझी.
उपनगरात, मेपलच्या रांगेत. शेजाऱ्यांना कारखाना नको होता,
म्हणून कंपनीने घरच बांधलं:
उतरतं छप्पर, धूर नसलेलं धुराडं,
टपाल न येणारी टपालपेटी, खिडकीत लेसचे पडदे,
आणि पडद्यांच्या मागे चार बोटांवर भिंत.
एकोणतीस वर्षं मी त्या घरात एकटा कामाला जायचो.
एका कुटुंबाने तर नवीन शेजार म्हणून
सफरचंदाचा केक पायरीवर ठेवला. मी तो खाल्ला.
ताट धुऊन परत ठेवलं. काही सांगितलं नाही.

हॅलोवीनला मुलं ते घर वगळत. त्यांना ठाऊक होतं.
एकदा एक नवखी मुलगी मधमाशीचे पंख लावून आली
आणि दार ठोठावत राहिली. मी शेवटी उघडलं.
खिशात गोळी नव्हती, फक्त केबलचे तुकडे:
जांभळे, नारिंगी, पांढऱ्यावर निळी रेघ असलेले.
तिने सगळे घेतले. मग माझ्या खांद्यावरून आत बघत विचारलं,
इतकी माणसं बोलताहेत, ती कुठे आहेत?

आता सगळं एक्सचेंज फ्रिजएवढ्या कपाटात मावतं.
मालमत्ता विभागातला पोरगा चाव्या मोजून घेतो,
नेलपॉलिशवर अंगठा फिरवतो, ही कुठली?
मी म्हणतो, नक्की आठवत नाही.
आठवतं. पण ते दार
दोन वर्षांपूर्वीच विटांनी बुजवलंय.